उस्ता बसयूनीची शेवटची शपथ

सकाळचे नऊ वाजायचे होते आणि तेवढ्यात उस्ता बसयूनीनं आपला संसार तीनदा पणाला लावून झाला होता. पहिल्यांदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसासाठी. तो बिचारा घाईत होता, चहा नको म्हणाला, तर उस्ता जिन्यात आडवा उभा राहिला, "माझ्यावर तलाक, चहा न घेता खाली उतरलास तर." दुसऱ्यांदा शेजारणीनं पेरूंची पिशवी परत करू पाहिली तेव्हा. आणि तिसऱ्यांदा समोर कोण, तर मांजर. मासळीचं डोकं हुंगून ते तोंड फिरवून निघालं, आणि उस्तानं सवयीनं त्यालाही बायकोच्या तलाकाची शपथ घातली. मांजर थांबलं नाही. शेपटी वर करून गच्चीवर निघून गेलं.

त्याची बायको इन्साफ स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून हे सगळं पाहत होती. तीस वर्षांत तिचा तलाक चहावर, सरबतावर, खुर्चीच्या कापडावर, बसच्या जागेवर टांगून झाला होता. तिनं ते सगळं गिळलं होतं. पण मांजर म्हणजे अगदीच झालं.

"माणसांपायी टांगलंत, मी गप्प बसले," ती म्हणाली. "आता मांजराच्या हातात दिलंत मला. त्यानं ते डोकं खाल्लं नाही, उस्ता. मग आता मी कोण या घरात, ते सांगा."

इजिप्तमधल्या तांता शहरात ही शपथ घेणारा उस्ता काही एकटाच नव्हता. बाजारातून एक फेरी मारली तर कानावर दहा तलाक पडतात आणि संध्याकाळी सगळे नवरे मुकाट्यानं त्याच बायकांच्या हातचं जेवतात. पण उस्ताची तऱ्हाच निराळी होती. गडी सोफे-खुर्च्या मढवणारा उस्ता, म्हणजे कारागीर, हाताचा कसबी आणि मनाचा लोण्यासारखा मऊ. इन्साफचं डोकं दुखलं तर तो दुकान बंद करून घरी यायचा. आणि कुणाला प्रेमानं काही द्यायचं झालं की तेवढ्याच प्रेमानं तिला तलाक देऊन मोकळा व्हायचा. शब्द तोंडातून बाहेर पडल्यावरच त्याला ऐकू यायचा.

एरवी इन्साफनं आदळआपट करून विषय सोडून दिला असता. पण शुक्रवारी दुपारी मुख्तार मास्तर सहकुटुंब जेवायला यायचे होते. त्यांचा हिशाम आणि उस्ताची सुहेर एकाच औषधांच्या दुकानात कामाला होती, दोघांचं जुळलं होतं, आणि आता मोठ्यांनी एकत्र बसून कुराणातली फातिहा वाचली की लग्न ठरल्यात जमा. फक्त एक मेख होती. मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा संसार अशाच एका शपथेनं मोडला होता, आणि तोही एका कलिंगडावरून. नवरा शपथ घालून बसला, पाहुणा हट्टाला पेटला, आणि बाई उरलेलं आयुष्य भावाच्या घरी राहिली. तेव्हापासून मास्तरांसमोर तो शब्द कुणी काढायचा नाही. हिशामनं सुहेरला बजावून सांगितलं होतं की बाबा त्या क्षणी उठून जातील.

"आणि ते उठले की त्यांच्या मागोमाग मीही उठेन," इन्साफ म्हणाली. "फिक्रीच्या घरी जाईन. पोरीचं लग्न तुम्ही मोडायचं आणि मी भांडी घासायची, हे व्हायचं नाही."

इन्साफ बोलायची पुष्कळ, पण भावाचं नाव काढलं की ती नुसतं बोलत नसे, हे उस्ताला ठाऊक होतं. तो म्हणाला, "सोडली. आत्तापासून सोडली. माझ्यावर तला..." आणि त्यानं आपलाच हात आपल्या तोंडावर दाबला.

सुहेर औषधांच्या दुकानातली. ती म्हणाली, बाबा, जुनी गोळी एकदम बंद करत नाहीत, अंगावर येते. हळूहळू कमी करत न्यायची. तिनं एका कागदावर, वर पेन्सिलीनं उस्ताचं नाव घालून, सुरेख तक्ता काढला. सोमवारी दहा शपथा, मंगळवारी सात, बुधवारी चार, गुरुवारी एक, शुक्रवारी शून्य. तक्ता फ्रीजवर चिकटवला आणि दोरीनं पेन्सिल बांधली. उस्ताला ते फार आवडलं. दहा म्हणजे काय, चंगळच वाटली त्याला.

सोमवारच्या दहा शपथा दुकान उघडताना संपल्या. शेजारच्या कुलूपवाल्याबरोबर पैसे कुणी द्यायचे यावर एका चहापायीच सहा गेल्या. मग त्यानं मंगळवारच्या सात वापरल्या, दुपारनंतर बुधवारला हात घातला, आणि संध्याकाळी घरी येऊन प्रामाणिकपणे पेन्सिल घेऊन बसला तेव्हा रोजची एक उसनी घेत घेत पुढच्या महिन्याच्या मधोमध कुठेतरी पोचला होता. सुहेरनं तक्त्याला खाली आणखी एक कागद जोडला. इन्साफनं तो पाहिला आणि कपाटावरची बॅग खाली काढून तिच्यावरची धूळ झटकली.

मंगळवारी उस्तानं दुसरी युक्ती काढली. शपथ घ्यायची, पण हलकी. तलाकाऐवजी मिशी. एक बाई सोफ्याचा स्पंज बघायला आल्या, तर हा म्हणाला, "बाई, हा स्पंज नवा नसेल तर माझी मिशी झडो." बाई थबकल्या. स्पंज दाबला, हुंगला, उलटापालटा केला.

"परवा माझ्या जावेला तुम्ही तलाकाची शपथ घातली होतीत," त्या म्हणाल्या. "मला नुसती मिशी? काय दडवताय, उस्ता?"

त्यानं परोपरीनं समजावलं, की बाई, सवय सोडतोय. पण ज्या स्पंजावर बायको लावायची या माणसाची तयारी नाही, तो स्पंज आपल्या दिवाणखान्यात कशाला, असा सरळ हिशेब करून बाई समोरच्या दुकानात गेल्या. दुपारपर्यंत आणखी दोन गिऱ्हाइकं तशीच गेली. उस्ता नवं कापड जुनं असल्यासारखं गुंडाळत बसला. खरं बोलत असताना लोकांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच खोटं ठरवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी कॉफीहाऊसात त्याला मेहुणा भेटला. फिक्री लष्करातून निवृत्त झालेला हवालदार. वीस वर्षांची सिगरेट त्यानं एका सकाळी सोडली होती आणि ती गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. तक्त्याचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"दात काय रोज थोडा थोडा उपटतात का, उस्ता? मर्दासारखा उठ आणि चारचौघांत सांगून टाक. एकदाच. विषय संपला."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही कान देऊन होते. कुणी म्हणालं हळूहळू बरं, कुणी म्हणालं छे, एका घावात. सोंगट्या थांबल्या, हुक्के थांबले. उस्ताला चढलंच. तीन दिवसांचा कोंडमारा, इन्साफची ती बॅग, बाईंनी हुंगलेला स्पंज, सगळं एकदम वर आलं. तो उठला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला,

"ऐका सगळे. आजपासून पुन्हा कधी तलाकाची शपथ माझ्या तोंडून निघाली, तर माझ्यावर तलाक. तिहेरी."

टाळ्या पडल्या. फिक्रीनं मिठी मारली. कॉफीवाल्यानं आपल्यातर्फे पेला आणून ठेवला. उस्ता हसतमुखानं खाली बसला, आणि मग हळूहळू त्याचं हसू मावळलं, कारण कोपऱ्यातल्या टेबलावर शेख ताहा बसले होते, मशिदीचे इमाम, आणि ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"बसयूनी, इतकी वर्षं तू बडबडत आलास. त्याबद्दल देवाची माफी माग, पण त्यात तुझं मन नव्हतं हे मला माहीत आहे. आत्ताच्या शपथेत मन होतं का?"

"भरलेलं होतं, शेख. इतकं खरं मी जन्मात बोललो नव्हतो."

शेखांनी जपमाळ खाली ठेवली. म्हणाले, मग बाबा, हे प्रकरण चहाच्या टेबलावर निकालात काढण्याइतकं सोपं राहिलं नाही. शब्द निघालाच तर मोठ्या मुफ्तींकडे जावं लागेल आणि ते काय म्हणतील ते मी आज सांगू शकत नाही. तेव्हा सगळ्यात बरं म्हणजे तो निघूच नये. हजारो पोकळ शपथांनी ज्या संसाराला साधा चराही पडला नव्हता, तो उस्तानं आत्ता, टाळ्यांच्या गजरात, खरोखरीच्या खुंटीला टांगून ठेवला होता.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली. इन्साफ बॅग भरत नव्हती. ती सोफ्यावर सुन्न बसली होती.

"आजवर मला लोकांच्या तोंडी टांगलंत," ती म्हणाली. "कुणी चहा घ्यायचा, कुणी पेरू घ्यायचा, वेळ निभायची. आता तुमच्या जिभेला टांगलंत. तुमच्या जिभेला, उस्ता." आणि ती रडायला लागली. उस्तानं तिचे डोळे पुसले, तिची शंभरदा माफी मागितली, तिला धीर देण्यासाठी तोंड उघडलं आणि तोंडात काय येतंय हे कळताच गपकन मिटलं.

गुरुवारी देवाला दया आली म्हणायची. खुर्ची मढवताना सोफेवाले बारीक खिळे ओठांत धरतात, एकेक काढून हातोडीनं ठोकतात. उस्ता सकाळपासून तसाच काम करत होता, आणि कुलूपवाल्यानं चहाचे पैसे भरले तेव्हा उस्ताच्या घशातून नुसतं "हं हं" निघालं. तोंडात खिळे म्हणजे शपथ नाही. त्याला इतका आनंद झाला की तो एक खिळा गिळणारच होता. संध्याकाळपर्यंत एकही तलाक नाही. तीस वर्षांतला पहिला असा दिवस.

त्याच धोरणानं शुक्रवार काढायचा ठरला. सुहेर घाबरली, इन्साफनं हात जोडले, पण दुसरा उपाय कुणालाच सुचेना. पाहुण्यांना सांगायचं, उस्ताची दाढ सुजली आहे, बोलता येत नाही, जेवता येत नाही. फातिहा मनातल्या मनातही वाचता येते.

शुक्रवारच्या नमाजानंतर पाहुणे आले. मुख्तार मास्तर ताठ, इस्त्रीच्या सुटात, त्यांच्या बाई ठेंगण्या, हसऱ्या, हिशाम घामाघूम. शेख ताहा होते, फिक्री होता. टेबलावर भात भरलेली द्राक्षाची पानं, मुलुखियाची हिरवी रसभाजी, आणि मधोमध कांदा भरलेलं बदक. ते बदक इन्साफनं गच्चीवर पाच महिने सांभाळलं होतं, हातानं घास भरवून भरवून. सकाळपासून ती त्याला तूप चोपडत होती.

मास्तरांनी दोन घास घेतले, "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले आणि चमचा खाली ठेवला.

आता, सभ्य पाहुणा दोन घासांनंतर चमचा ठेवतोच. तो खरा जेवायला लागतो आग्रहानंतर. त्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं, त्यानं पुन्हा नको म्हणायचं, यजमानानं देवाची शपथ घालायची, मग त्यानं नाइलाज झाल्यासारखं करून पोटभर जेवायचं. मास्तरांनी त्यासाठी सकाळी न्याहारीसुद्धा केली नव्हती, हे नंतर बाईंनी सांगितलं. त्यांनी चमचा ठेवला आणि यजमानाकडे पाहिलं.

यजमान ओठ घट्ट मिटून हसला.

मास्तर थांबले. उस्तानं बदकाची तंगडी त्यांच्या ताटलीत ठेवली. "नको," मास्तर म्हणाले आणि परत ठेवली. उस्तानं पुन्हा ठेवली, मास्तरांनी पुन्हा परत केली. ती तंगडी टेबलावर चार वेळा आली-गेली. उस्ताच्या कपाळावर घाम फुटला. घशात शपथ येऊन धडका मारत होती आणि पुढच्या दातांमागे चौदा खिळे पहारा देत होते. इन्साफ म्हणाली, घ्या ना मास्तर. पण इतकं साधं आर्जव तर वाटेवरच्यालाही करतात. फिक्रीनं मदत करायची म्हणून हुकूम सोडला, "खा!" आणि मास्तरांच्या मिशा थरथरल्या.

"हात धुवायला पाणी मिळेल का?" ते थंडपणे म्हणाले.

म्हणजे संपलं. हिशामनं डोळे मिटले. सुहेरचा चेहरा पांढरा पडला. मास्तर बायकोकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की दाढ दुखते हे समजू शकतं, पण ज्या घरात पाहुण्याला एकदा तोंडानं जेवा म्हणायची फुरसत नाही, तिथे मुलगा कसा द्यायचा. आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

इन्साफनं त्यांच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, गार होत चाललेल्या बदकाकडे पाहिलं. पाच महिने. गच्चीवरचं ऊन. हातानं भरवलेले घास. तिनं सुरी टेबलावर आपटली आणि कडाडली,

"उस्तावर तलाक, मास्तर, हे बदक संपवल्याशिवाय तुम्ही या खुर्चीवरून उठलात तर!"

मग आपण काय बोललो ते इन्साफला ऐकू आलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उस्ताचा जबडा खाली पडला, आणि खिळे एकामागून एक ताटलीत टपटपले. मास्तरांच्या बाई ओणवून ते पाहायला लागल्या. उस्तानं शेखांकडे तोंड वळवलं. त्याच्या ओठातून रक्ताचा एक थेंब आला होता.

"शेख, हे... हे मोजायचं का?"

"तिच्या तोंडून निघाल्यानं काही होत नाही, बसयूनी," शेख ताहा म्हणाले, पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "तुझं तोंड तर खिळ्यांनी भरलं होतं."

मग उस्तानं सगळं सांगून टाकलं. मांजर, तक्ता, मिशी, कॉफीहाऊस, काही राखलं नाही. तो बोलत होता आणि डोळे पुसत होता. मास्तर अर्धवट उठलेले, तसेच उभे. शेवटी ते बोलले, तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"पुरुष बायकांना टांगतात हे मी लहानपणापासून पाहत आलो. एका कलिंगडापायी माझ्या बहिणीचं घर गेलं. पण बायकोनं नवऱ्याला टांगलेलं आज पहिल्यांदा पाहिलं." ते खाली बसले आणि रुमाल गळ्याशी खोचला. "माझी बहीण आज हवी होती. तिनं माझ्याहून जास्त खाल्लं असतं. वाढा इन्साफबाई, ती तंगडी इकडे द्या. या माणसाला माझ्यामुळे बेघर करायचं नाही मला."

आणि मास्तर जेवले. तंगडी झाली, दुसरी तंगडी झाली, आतला कांदा झाला. मध्येच थांबून ते विचारायचे, "उस्ता, आता सुरक्षित आहात का?" आणि इन्साफ लाजून म्हणायची, "अजून नाही, पाठ राहिली आहे." बाई हसून हसून टेबलावर कोसळल्या. फातिहा वाचली गेली तेव्हा हिशामचा सूर सगळ्यात मोठा होता.

उस्तानं पुन्हा कधी ती शपथ घेतली नाही. खुंटीला टांगलेला संसार त्याला रोज दिसायचा, तेवढं पुरे होतं. फिक्री सगळीकडे सांगत सुटला की एका घावात सोडलं की असं सुटतं.

पुढच्या बुधवारी उस्ता दुपारी घरी आला, तर दारात अंडीवाली उभी. ती निघाली होती आणि इन्साफ तिची टोपली धरून म्हणत होती, "उस्तावर तलाक, चहा न घेता गेलीस तर." अंडीवालीनं उस्ताकडे दयेनं पाहिलं आणि मुकाट बसून चहा घेतला. संध्याकाळी शेजारणीला पेरू देताना तेच. उस्ता मनाशी म्हणाला, नवी नवलाई आहे, जाईल.

दुसऱ्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि जागच्या जागी थिजला. इन्साफ उकिडवी बसली होती, समोर मासळीचं डोकं, त्याच्या पलीकडे मांजर.

"खा मुकाट्यानं," ती मांजराला सांगत होती. "नाही खाल्लंस, तर उस्तावर तलाक."

मांजरानं डोकं हुंगलं. उस्तानं श्वास रोखला. शेखांनी सांगितलेलं त्याला सगळं पाठ होतं, तिच्या बोलण्यानं काही होत नाही, तरीपण त्याची नजर त्या मांजराच्या मिशांवरून हलेना, आणि तीस वर्षं हिला कसं वाटत आलं असेल ते त्याला त्या घडीला कळलं. मांजरानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि शेपटी वर करून गच्चीवर निघून गेलं.

उस्ता आत गेला, फ्रीजवरचा सुहेरचा तक्ता काढला, खोडरबरानं आपलं नाव पुसलं आणि वर नीट अक्षरात लिहिलं, इन्साफ.

"सोमवारी दहा," तो पेन्सिल तिच्या हातात देत हळूच म्हणाला. "घाई करू नकोस गं. एकदम सोडायच्या भानगडीत तर मुळीच पडू नकोस."